गटारांचा समाजवाद

समाजवाद्यांनी एकमेकांना हिणवण्यासाठी आजवर जे शब्द घडवले त्यांचा कोणी संग्रह केला, तर त्यात ‘गटारांचा समाजवाद’ या शब्दाला मानाचे पान द्यावे लागेल. हा शब्द अमेरिकेतला. विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचे कामगारांचे शहर आहे. 1932 साली तिथे अमेरिकन समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा न्यूयॉर्कचे नामांकित वकील आणि पक्षाचे नेते मॉरिस हिलक्विट यांनी यजमानांचीच अशी संभावना केल्याचे सांगतात. मिलवॉकीकर क्रांतीची भाषा सोडून सदा आपल्या गटारांचे कौतुक करतात, असा त्यातला टोमणा. मिलवॉकीच्या कार्यकर्त्यांना हा टोमणा फारसा लागला नाही. त्यांनी पुढे तो बिरुदासारखा मिरवला.

या गटारवाल्यांचे म्होरके डॅनियल वेब्स्टर होन. 1916 ते 1940 अशी सलग 24 वर्षे ते मिलवॉकीचे महापौर होते. सात निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या आणि त्याही समाजवादी म्हणून, भांडवलशाहीच्या माहेरघरात. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना अमेरिकेतल्या समाजवाद्यांपैकी यूजीन डेब्ज आणि नॉर्मन थॉमस ही नावे ठाऊक असतात. अध्यक्षपदासाठी पुन्हा पुन्हा उभे राहून पुन्हा पुन्हा हरलेली ही माणसे थोरच होती. पण जिंकलेल्या माणसाचे नाव आपल्या कानावर येऊ नये, हेही आपल्या स्वभावाला धरूनच आहे.

होन यांचा जन्म 1881 सालचा, मिलवॉकीजवळच्या वॉकशा गावातला. शाळा अर्धवट टाकून हा मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला आणि आचारी झाला. वयाने मोठा झाल्यावर तो मॅडिसनच्या विद्यापीठात शिरला आणि 1905 साली पदवीधर झाला. मग शिकागोत खानावळ चालवता चालवता त्याने कायद्याचा अभ्यास पुरा केला. वकिलीची सनद हाती आल्यावर ज्या वाटेने पैसा येतो ती वाट या वकिलाने धरली नाही. विस्कॉन्सिनच्या कामगार संघटनांच्या महासंघाचे वकीलपत्र त्याने घेतले. यंत्रात हात गेलेल्या कामगाराला भरपाई मिळवायची तर त्या काळी मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे, आणि धोका पत्करूनच तू कामावर आलास, असे म्हणून मालकाचा वकील त्याला वाटेला लावी. 1911 साली विस्कॉन्सिनने कामगार भरपाईचा कायदा केला. अमेरिकेतल्या अशा कायद्यांपैकी हा अगदी पहिल्यांतला, आणि कोर्टाच्या कसोटीस उतरलेला. त्याचा मसुदा घडवण्यात कामगारांच्या बाजूने होन यांचा हात होता.

त्याआधीच, 1910 साली, मिलवॉकीत मोठी उलथापालथ झाली होती. डेव्हिड रोझ या महापौराच्या काळात शहराचा कारभार इतका सडला होता, की लाचखोरीचे खटले ग्रँड ज्युरीपुढे रांगेने उभे राहात. या घाणीला विटलेल्या मतदारांनी समाजवाद्यांना निवडून दिले. एमिल सायडेल हे लाकडावर साचे कोरणारे कारागीर महापौर झाले, मोठ्या अमेरिकन शहराचे पहिले समाजवादी महापौर. व्हिक्टर बर्गर त्याच वर्षी काँग्रेसमध्ये निवडून गेले, तेही पहिलेच समाजवादी. आणि 29 वर्षांचे होन शहराचे कायदेशीर सल्लागार, म्हणजे सिटी ॲटर्नी झाले. दोन वर्षांत डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांनी आपापसातले वैर गुंडाळून एक उमेदवार उभा केला आणि सायडेल पडले. पाठोपाठ राज्याच्या विधिमंडळाने शहरांच्या निवडणुकांतून पक्षांची नावेच काढून टाकली. समाजवादी जिंकू लागले की राजकारण पक्षातीत असावे याची आठवण प्रस्थापितांना होते. हा अनुभव काही फक्त मिलवॉकीचा नाही.

होन मात्र सिटी ॲटर्नीच्या खुर्चीत टिकले, 1914 साली पुन्हा निवडून आले, आणि ट्रामची व विजेची मक्तेदारी असलेल्या कंपनीशी त्यांनी दावे मांडले. कंपनीचे रूळ शहराच्या रस्त्यांवरून गेलेले. रुळांमधल्या पट्ट्याची फरसबंदी कोणी करायची? कंपनी म्हणे, परवडत नाही. या फरसबंदीचा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1920 साली न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिलेल्या निकालाने तो शहराच्या बाजूने सुटला. तोवर होन महापौर झाले होते. समाजवादाच्या इतिहासात ट्रामच्या रुळांमधल्या दगडांना जागा नसते. पण त्या दगडांचा खर्च कंपनीच्या नफ्यातून निघणार की कामगारांच्या घरपट्टीतून, हा वर्गलढ्याचाच प्रश्न होता, आणि तो ओळखण्याइतका कायदा त्या वकिलाला येत होता.

महापौरांचे हात बांधलेले होते, हेही लक्षात घ्यावे. नगरसभेत पक्ष जवळजवळ सदैव अल्पमतात. पोलीस आणि अग्निशमन दल स्वतंत्र आयोगाच्या ताब्यात. वीज आणि ट्राम शहराच्या मालकीची करण्याचे जे पक्षाचे मूळ स्वप्न, ते 24 वर्षांत पुरे झाले नाही. रस्त्यांवरचे दिवे शहराचे झाले. घराघरातली वीज कंपनीचीच राहिली.

मग झाले तरी काय? सांडपाणी शुद्ध करणारा प्रचंड कारखाना जोन्स बेटावर 1925 साली सुरू झाला. तोवर शहराचा मैला ज्या सरोवरात जाई त्याचेच पाणी लोक पीत आणि विषमज्वराने मरत. (या कामाचा आयोग होन यांच्याआधी, 1913 साली नेमला गेला होता. सगळे श्रेय एकट्याच्या पदरात टाकण्याची गरज नाही.) उरलेल्या गाळाचे खत करून शहराने ते ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने विकायला काढले, आणि 1926 पासून ते विकले जात आहे. सरोवरकाठ आणि बंदर खाजगी रेल्वे कंपन्यांच्या घशात जाऊ न देता सार्वजनिक मालकीचे करण्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली तेव्हा लष्कराच्या कोठारातले शिल्लक अन्न शहराने मिळेल त्या भावाने विकत घेतले आणि नफा न घेता लोकांना विकले. व्यापाऱ्यांनी बोंब मारली, तशी ती मारायचीच होती. 1921 ते 1923 या काळात ‘गार्डन होम्स’ नावाची 105 घरांची वसाहत उभी राहिली. नगरपालिकेच्या पुढाकाराने झालेली अमेरिकेतली ही पहिली सहकारी गृहरचना. काही वर्षांतच भाडेकरूंनी घरे आपापल्या नावावर करून घेण्याचा आग्रह धरला आणि सहकार आटोपला. सहकारी घरांचे प्रयोग ज्यांनी मुंबई-पुण्यात पाहिले आहेत त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

होन यांना व्याजाचा मनस्वी तिटकारा होता. शहराने कर्ज काढले की सावकारांच्या पिढ्या पोसल्या जातात, असे ते मानत. 1923 पासून कर्जफेडीचा स्वतंत्र निधी उभारण्यात आला आणि 1943 मध्ये, होन पायउतार झाल्यावर तीन वर्षांनी, तो निधी कर्जाहून मोठा झाला. मंदीच्या काळात अनेक अमेरिकन शहरे दिवाळखोरीच्या दारात उभी असता मिलवॉकीने बँकांपुढे गुडघे टेकले नाहीत. लहान रकमेचे रोखे छापून त्यांतून कर्मचाऱ्यांचे पगार भागवले. डाव्या टीकाकारांना ही काटकसर भांडवली वाटे. मला ती तशी वाटत नाही. सावकाराचे देणे नसलेल्या नगरपालिकेलाच सावकाराला नकार देता येतो.

केवळ नळ-गटारांचा हिशेब ठेवणारा हा कारभारी होता, असे मात्र कोणी समजू नये. 1919 साली बेल्जियमचे राजे अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. त्यांना निमंत्रण देण्याची सूचना आली तेव्हा होन यांनी ती साफ झिडकारली. आपण काम करणाऱ्या माणसाच्या बाजूचे आहोत, राजे गेले खड्ड्यात, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर वर्तमानपत्रांतून गाजले. कु क्लक्स क्लान शहरात पाय रोवू लागली तेव्हा त्यांनी तिला उघडपणे दम भरला. 1934 साली ट्राम कामगारांचा संप पेटला असता ते कंपनीच्या बाजूने उभे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी नगरसभेने एक विलक्षण नियम केला: कामगारांशी बोलणी करायला मालक तयार नसेल आणि त्यामुळे शांतताभंग होत असेल, तर कारखाना बंद करण्याचा अधिकार महापौर आणि पोलीसप्रमुख यांना राहील. शांतताभंगाचे कलम जगभर संपकऱ्यांवर लागते. इथे ते मालकावर लावण्यात आले. वकील महापौर असण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

दोष होते. 1917 साली पक्षाने युद्धविरोधी ठराव केला. बर्गर त्यासाठी 20 वर्षांच्या शिक्षेला सामोरे गेले (ती 1921 साली रद्द झाली), त्यांच्या ‘मिलवॉकी लीडर’ या दैनिकाची टपाल सवलत सरकारने काढून घेतली, आणि निवडून येऊनही काँग्रेसने त्यांना बसू दिले नाही. होन यांनी या काळात पक्ष सोडला नाही, पण महापौर म्हणून युद्धाच्या व्यवस्थेत भागही घेतला. दोन डगरींवर पाय ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि तो निराधार नव्हता. दुसरे, कृष्णवर्णीयांविषयी बर्गर यांनी जे लिहिले ते लाजिरवाणे आहे. होन यांची वृत्ती निराळी होती, तरी शहरातल्या लहानशा कृष्णवर्णीय वस्तीची कोंडी फोडणे हे त्या पक्षाच्या कामाचे अंग कधीच झाले नाही. जर्मन आणि पोलिश कामगारांच्या एकजुटीवर उभ्या राहिलेल्या पक्षाला त्या एकजुटीबाहेरचा माणूस दिसला नाही. जातीच्या समाजात राहणाऱ्या आपण यावर अधिक बोलण्यापेक्षा अधिक विचार करावा.

परंतु माझ्या मते खरा प्रश्न निराळाच आहे. 1910 चा विजय कोणी मिळवला? मिलवॉकीच्या पक्षाकडे पत्रके वाटणाऱ्या स्वयंसेवकांची एक फौज होती. तिला ‘बंडल ब्रिगेड’ म्हणत. रविवारी पहाटे उठून हे कामगार पत्रकांचे गठ्ठे बगलेत मारून निघत. कोणत्या घरात कोणती भाषा बोलतात याची त्यांना माहिती असे, आणि जर्मन घरात जर्मन, पोलिश घरात पोलिश पत्रक पडे. शहरातल्या वर्तमानपत्रांनी सकाळी काहीही छापो, पक्षाचे म्हणणे त्याआधी दारात पोहोचलेले असे. या ब्रिगेडच्या बळावर एक सुतारकाम करणारा महापौर झाला.

होन यांच्या 24 वर्षांत शहर उत्तम चालले आणि ही ब्रिगेड विरत गेली. लोक होन यांना मत देत, पक्षाला देत नसत. महापौर वाढले, पक्ष आटला. तिसाव्या दशकात कामगार मतदार रूझवेल्टकडे आणि राज्यात ला फॉलेट बंधूंच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडे गेला. समाजवाद्यांनी 1935 साली त्यांच्याशी आघाडी केली आणि राज्याच्या निवडणुकांत स्वतःचे नाव जवळपास मिटवून टाकले. 1936 साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होन झळकले. 1940 साली ते हरले. ज्याने हरवले तो कार्ल झायडलर हा तरुण, देखणा, सभांतून गाणी म्हणणारा वकील होता, आणि नोकरीला होता तो शहराच्या सिटी ॲटर्नीच्याच कचेरीत. दुसऱ्याच वर्षी होन यांनी समाजवादी पक्ष सोडला आणि पुढे डेमोक्रॅट म्हणून 1944 आणि 1946 अशा दोनदा गव्हर्नरपदासाठी उभे राहून ते पडले. 1961 साली त्यांचे निधन झाले.

शुद्धिवादी यावर म्हणतील, पाहा, गटारांतून समाजवाद आला नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. गोरेगावच्या नळांसाठी झगडत 1961 साली मुंबई महापालिकेत गेलेल्या मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या नावात जेवढा समाजवाद होता तेवढा आपल्या कितीतरी ठरावांत नव्हता. पण पाणीवाल्या बाईंच्या मागे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा असे. होन यांच्या मागे अखेरीस कार्यक्षम कचेरी उरली. लोक नागरिक म्हणून तृप्त झाले आणि कार्यकर्ते म्हणून घरी बसले.

आपल्या महापालिकांत महापौराला होन यांच्याइतकाही अधिकार नाही. 1888 च्या मुंबईच्या कायद्याने कारभार आयुक्ताच्या हाती दिला तो आजही तिथेच आहे. कायद्याची पदवी घेऊनही ज्यांना वकिलीची सनद नाकारली गेली ते युसुफ मेहेरअली 1942 साली तुरुंगात असता मुंबईचे महापौर निवडले गेले, तेव्हा त्या पदाला जो मान आला तो कायद्याने दिलेला नव्हता, रस्त्याने दिला होता. 2022 नंतर मुंबई-पुण्यासारख्या महापालिका कित्येक वर्षे निवडणुकीविना प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. या काळात नगरसेवक नाहीत म्हणून आपल्या वॉर्डात किती सभा झाल्या, किती मोर्चे निघाले? माझ्या वॉर्डातला हिशेब मी केला. तो इथे छापण्यासारखा नाही.

मिलवॉकीत मात्र एक गोष्ट घडली. 1948 साली, पक्ष संपला असे सगळे म्हणत असता, कार्ल झायडलर यांचे धाकटे बंधू फ्रँक समाजवादी म्हणून उभे राहिले, निवडून आले आणि 1960 पर्यंत महापौर राहिले. थोरला भाऊ युद्धात समुद्रावर नाहीसा झाला होता. झायडलर हे नाव लोकांच्या मनात होते, त्याचा लाभ झाला हे खरे. पण आठ वर्षांपूर्वी त्याच भावाच्या हातून पक्षाची सत्ता गेली असताना फ्रँक पक्षात टिकून राहिले, वस्त्यांतल्या बैठकांना जात राहिले आणि पत्रके वाटत राहिले, हेही तितकेच खरे.