अंडकोषांची पिशवी रिकामी दिसली, तरी नराला माद्यांत सोडू नका

घरी उंदीर पाळणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: आजच पिंजऱ्यातला प्रत्येक नर हातात घेऊन तपासा. ‘याचे अंडकोष उतरलेलेच नाहीत, मग पिल्लं कुठून होणार?’ या समजुतीवर कित्येक नर माद्यांसोबत ठेवले जातात. त्याची शिक्षा मादी भोगते.

मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येते आणि दर 4-5 दिवसांनी माजावर येते. 21 ते 23 दिवसांत ती विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात. विल्यानंतर चोवीस तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. अंगावर पिणारी पिल्लं आणि पोटात दुसरं वेत, अशा अवस्थेत तिचं शरीर झिजून जातं.

उंदराच्या जांघेतली वाट जन्मभर उघडी असते. थंडी वाजली, भीती वाटली की तो अंडकोष पोटात ओढून घेतो. म्हणून दचकलेल्या उंदरावरून निष्कर्ष काढू नका. तो उबेत, निवांत पहुडलेला असताना शेपटीच्या मुळाशी बघा. पाच आठवड्यांच्या सुमारास तिथे दोन लांबट फुगवटे दिसायला हवेत. एकच दिसत असेल, तरी तो नर पिल्लं देऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनंतरही एकही दिसला नसेल, तर उंदरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जांघेत अडकलेला अंडकोषही कामाचा असू शकतो, आणि पोटात राहिलेला संप्रेरकं तयार करतच राहतो.

शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना आधीच विचारा: दोन्ही अंडकोष शोधून काढणार ना? सापडला तेवढा काढून दुसरा आत ठेवला, तर नर वरून निर्बीज दिसेल, पण वागेल नरासारखाच. जांघेतली वाट टाके घालून बंद करणार ना? ती उघडी राहिली, तर तिथून आतडं खाली उतरू शकतं. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. नंतर त्याला ऊब द्या, डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर द्या, भुशाऐवजी स्वच्छ कागद किंवा कापड अंथरा आणि तो टाके कुरतडत नाही ना, हे बघत राहा.

दोन्ही अंडकोष निघाले, तरी पुढचे किमान तीन-चार आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवा. नळ्यांत उरलेल्या शुक्राणूंमुळे तेवढ्या काळात गर्भ राहू शकतो.

प्रत्येक नरावर शस्त्रक्रिया हवीच असं नाही. नर नरांच्या सोबतीत आनंदाने राहतात. पण पिल्लं पाच आठवड्यांची होण्याआधी नर-मादी वेगळे करा, आणि अंडकोषांबद्दल शंका असलेला प्रत्येक नर डॉक्टरांनी तपासेपर्यंत नरांच्याच पिंजऱ्यात ठेवा. हे काम उद्यावर टाकू नका; मादी गाभण राहायला एक रात्र पुरते.