शाल-श्रीफळानंतर काय?

युद्धात डोळे गमावलेल्या जवानाचा आपण सत्कार करतो. शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? एकट्याने रस्ता कसा ओलांडायचा, पोट कशावर भरायचं, हे प्रश्न त्याचे एकट्याचे.

मंडळी, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलंय. १९१५ साली लंडनमध्ये आर्थर पिअर्सन यांनी अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स सुरू केलं. ते स्वतः अंध होते. दया नको, काम शिकवा, हा त्यांचा खाक्या. ब्रेल, टायपिंग, मसाज, कोंबडीपालन, टेलिफोन ऑपरेटरचं काम. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गेलेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी तिथेच शिकले. दुसऱ्या महायुद्धात आपल्या डेहराडूनला अंध सैनिकांसाठी असंच केंद्र निघालं, ते त्यांनीच सांभाळलं. स्वातंत्र्यानंतर त्याच केंद्रातून सर्वसामान्य अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे सैनिकांसाठी केलेलं सगळ्यांच्या कामी आलं.

पण शिकून तयार झालेल्या माणसाला काम कोण देणार? ते सरकार एकटं नाही करू शकत. सत्कार जरूर करा. फक्त हार घालण्याआधी एक विचार करा: आपल्या पतसंस्थेत, शाळेत, कारखान्यात त्याच्यासाठी एक खुर्ची आहे का?