लांब नळीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल कोण ठरवतो?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्यात ‘वेब्ली-ग्रीन’ नावाचे रिव्हॉल्व्हर तयार होत असे. त्याच्या साडेसात इंची नळीमागे लक्ष्यभेदाचा विचार होता. नेम धरण्याच्या मागच्या आणि पुढच्या खुणांत जितके अंतर अधिक, तितका हाताचा कंप नेमबाजाला लवकर कळतो. १८९० नंतर इंग्लंडमधील बिस्लेच्या मैदानावर झालेल्या स्पर्धांत अशीच शस्त्रे गाजली.

जाणकार अशा शस्त्राचे मूल्यमापन ठरावीक क्रमाने करतात. पोलादावरची मूळ निळसर झिलई शाबूत आहे का? सांगाड्यावरचे आणि चक्रावरचे क्रमांक जुळतात का? घोडा ओढल्यावर चक्र डगमगते का? नळीच्या आतील आटे गंजले आहेत का? समई घासून लखलखीत केली तर घर उजळते. रिव्हॉल्व्हर घासले तर त्याची निम्मी कहाणी पुसली जाते.

भारतात मात्र या साऱ्याआधी कायदा येतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र संघराज्याच्या कायद्याने ‘पुरातन’ ठरते. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अशी कालमर्यादा नाही. कलम ४५ ची सवलत फक्त दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या शस्त्रालाच मिळते. त्यातच वेब्ली-ग्रीनचे .४५५ काडतूस प्रतिबंधित वर्गातले. त्यामुळे परदेशी लिलावात मानाने विकली जाणारी वस्तू येथे सामान्य परवानाधारकाला घेताच येत नाही. उलट, आयातीवरील निर्बंधांमुळे .३२ बोअरचे साधे विलायती रिव्हॉल्व्हर गुणांपेक्षा टंचाईमुळेच महाग झाले आहे. या किमतीला इतिहासाचे मोल समजणे ही फसगत होय.

या टंचाईला जुना वारसा आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. त्या समाजाचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत आणि वाटेतील लुटारूंपासून बचावासाठी शस्त्रे बाळगत. १८०३ च्या दख्खन मोहिमेत वेलस्लीच्या सैन्याला बंजाऱ्यांनीच रसद पुरवली. पुढे इंग्रजी राजवटीने अनेक प्रांतांत याच समाजावर ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बिस्लेच्या नेमबाजाची पेटी जपली गेली. तांड्याचे शस्त्र मात्र संशयाचा पुरावा ठरले. पोहरादेवीत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. तेथे जाणाऱ्या तरुणांनी कोणत्या वस्तू टिकल्या यासोबत कोणत्या टिकू दिल्या नाहीत, हेही विचारावे.

२०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्यात मोजली. सुरक्षेचा युक्तिवाद पोकळ नाही. शंभर वर्षांचे रिव्हॉल्व्हरही गोळी झाडते. पण आजोबांचे नोंदणीकृत शस्त्र आणि गुंडाचा कट्टा यांत भेद करणारी, नोंदणीवर आधारलेली पुरातन श्रेणी निर्माण करणे अशक्य नव्हते.

तोवर खरेदीदाराने पोलादाआधी कागद पाहावा: जुना परवाना, विक्रेत्याची पावती, मालकी हस्तांतराच्या नोंदी. कागदाविना मिळणारे ‘स्वस्त’ प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ वर्षांची कैद आहे. आणि ज्या घरात असे परवाने जुन्या ट्रंकेत पडून आहेत, तेथे ते रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत.