अल्मा म्हणजे तरुणी

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सातव्या अध्यायात 'अल्मा' हा शब्द आहे. इस्राएलमध्ये शाळेत गेलेल्या कोणत्याही मुलाला तो कळतो : अल्मा म्हणजे तरुण स्त्री. त्याच मुलाच्या आजीने भारतातून आणलेले मराठी पवित्र शास्त्र उघडले, तर त्या जागी 'कुमारी' असा शब्द दिसतो. नातवाच्या हिब्रूत आणि आजीच्या मराठीत एवढाच फरक आहे. परंतु ख्रिस्ती आणि यहुदी यांच्यातला फार जुना वाद याच फरकात आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हे वचन येशूच्या जन्माचे भाकीत म्हणून दिले आहे. तिथे 'अल्मा'ऐवजी 'पार्थेनोस' हा ग्रीक शब्द येतो, कारण आधार तनाखच्या जुन्या ग्रीक भाषांतराचा आहे. पार्थेनोसचा नेहमीचा अर्थ कुमारी. पण तेच ग्रीक भाषांतर उत्पत्तीच्या ३४ व्या अध्यायात दीनावर अत्याचार झाल्यानंतरही तिला पार्थेनोसच म्हणते. म्हणजे ग्रीक शब्दही सर्व ठिकाणी पक्का नाही. हिब्रूत पुरुषाशी संबंध न आलेल्या मुलीसाठी 'बतुला' हा अधिक नेमका शब्द आहे, आणि यशयाने तो इथे वापरलेला नाही. अल्मा कुमारी असू शकते. रिबकेला तोरात दोन्ही शब्द लावले आहेत. मात्र अल्मा हा शब्द वय सांगतो, कौमार्य सांगत नाही.

तरीही केवळ शब्दकोशावर हा वाद सोडवू नये. खरे उत्तर त्या वचनाच्या मागेपुढे आहे. अध्यायाच्या सुरुवातीला यहूदाचा राजा आहाज संकटात आहे. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास अरामाचा राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलाचा राजा पेकह यांनी मिळून यरुशलेमेवर चाल केली आहे. राजा आणि प्रजा घाबरली आहेत. यशया आहाजला धीर देतो आणि खूण सांगतो : एक तरुणी मुलाला जन्म देईल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधी या दोन्ही राजांचा देश ओसाड पडेल. पुढे दोनच वर्षांत, इ.स.पू. ७३२ मध्ये, अश्शूरच्या राजाने दमास्कस घेतले. वेढ्यात सापडलेल्या राजाला सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाची खूण देऊन काय धीर येणार? सोळावे वचन वाचले की चौदाव्याचा काळ आपोआप ठरतो. पत्रके वाटणारे बहुधा चौदाव्यावरच थांबतात.

यावर ख्रिस्ती विद्वानांचे एक उत्तर असते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, वचनाला एक अर्थ त्या काळापुरता होता आणि दुसरा, खोल अर्थ पुढे उघड झाला. यहुदी परंपरेलाही असे वाचन परके नाही. तिने पशात म्हणजे सरळ अर्थ आणि दराश म्हणजे शोधून काढलेला अर्थ असे दोन थर मानले आहेत. पण दराशने पशात पुसला जात नाही, असाही तिचा दंडक आहे. दराश हा आधीच श्रद्धा असलेल्यासाठी असतो. ज्याची ती श्रद्धा नाही, त्याच्यापुढे तो पुरावा म्हणून ठेवता येत नाही. यहुदी आक्षेपाचे मर्म इथे आहे. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेच्या उजेडात यशया वाचू नये, असे यहुद्यांचे म्हणणे नाही. तो उजेड यशयाने स्वतःच लावला होता, हे मात्र यहुद्यांना मान्य नाही.

यशयाचा ५३ वा अध्याय याहून अवघड आहे. तिथे दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन आहे आणि ख्रिस्ती वाचक त्यात येशू पाहतात. रशी आणि त्याच्यानंतरचे बहुतेक यहुदी भाष्यकार तो सेवक म्हणजे इस्राएल लोक असे सांगतात. कारण ४१, ४४ आणि ४९ या अध्यायांत परमेश्वर इस्राएलालाच आपला सेवक म्हणतो. हे स्पष्टीकरण रशीने नव्याने काढले, असे कधी कधी म्हटले जाते. ते खरे नाही. रशी अकराव्या शतकातला. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती लेखकानेच नोंदवून ठेवले आहे की त्याच्या काळचे यहुदी हा अध्याय सबंध लोकांविषयी आहे असे मानत. त्याचबरोबर हेही मुलांना सांगायला हवे की अरामी तार्गुमात हा सेवक मशीहा आहे, जरी तिथे दुःखाची वाक्ये दुसऱ्यांकडे वळवली आहेत. यहुदी वाचन नेहमी एकच होते असे सांगितले, तर पहिल्याच वाचनालयात मुलाचा त्या सांगण्यावरचा विश्वास उडेल.

मग मशीहा ओळखायचा कशावरून? १२६३ साली बार्सिलोना येथे आरागोनच्या राजासमोर रब्बी मोशे बेन नाह्मान यांना धर्मांतर केलेल्या एका यहुद्याशी जाहीर वाद करावा लागला. त्यांनी शब्दांच्या छाटणीपेक्षा जगाकडे बोट दाखवले. संदेष्ट्यांनी मशीहाच्या काळात तलवारींचे फाळ होतील असे सांगितले आहे, आणि येशूपासून त्यांच्या दिवसापर्यंत जग रक्तपाताने भरलेले होते. वादानंतर त्यांना देश सोडावा लागला, पण मुद्दा आजही तसाच उभा आहे. यहुद्यांसाठी मशीहाची खूण जन्माच्या चमत्कारात नाही. ती शांततेत आहे, विखुरलेले लोक परत येण्यात आहे, न्यायात आहे. ज्या देशात दर काही वर्षांनी मुले सैन्यात लढायला जातात, तिथे हा मुद्दा फार समजावून सांगावा लागत नाही.

बेने इस्राएलांना या वादाशी दुहेरी नाते आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनरी शाळांत बेने इस्राएल मुले शिकली. जे लोक कोकणात शेमा आणि शाब्बाथ यांच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या यहुदी राहिले होते, त्यांच्या हाती आपल्या भाषेतला तनाख मिशनऱ्यांमुळे आला. धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केले. उलट त्या शिक्षणाच्या बळावर जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांच्यासारख्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मिशनऱ्यांचे हे उपकार मोकळेपणाने मानले पाहिजेत. त्यांच्या भाषांतरात त्यांचा विश्वासही आला आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

म्हणून 'असले कागद हाती धरू नकोस, फाडून टाक' एवढे सांगून वडीलधाऱ्यांचे काम संपत नाही. मुलगा घरी फाडेल आणि सैन्यातल्या मित्राच्या फोनवर तेच वाचेल. 'हे सगळे जुने आहे, आम्हाला काय करायचे?' हे तरुणांचे उत्तरही अपुरे आहे, कारण प्रश्न विचारणारा त्यांच्याच पुस्तकातले पान उघडून विचारतो. रागावण्याचे कारण नाही. ख्रिस्ती शेजाऱ्याशी जेवणखाण आणि मैत्री कोकणात होती, इथेही असावी.

मराठीच्या वर्गात एक काम सहज करता येईल. आजोबांनी मराठी पवित्र शास्त्र आणावे, नातवाने हिब्रू तनाख आणावा, आणि दोघांनी यशयाचा सातवा अध्याय पहिल्या वचनापासून सोळाव्यापर्यंत शेजारी शेजारी वाचावा. नवव्या अध्यायात वचनांचे आकडे जुळणार नाहीत. हिब्रूतले पाचवे ते मराठीतले सहावे. तेवढे सांभाळले की पुरे. आजोबांना एक हिब्रू शब्द मिळेल, नातवाला दहा मराठी शब्द मिळतील. पुढे कोणी एकच ओळ दाखवून प्रश्न केला, तर 'त्याच्या आधीची ओळ वाचलीत का?' असे शांतपणे विचारता येईल.