‘आपोआप’ थांबेल म्हणे!

“प्रोस्टेट काढल्यावर लघवी गळणारच. वर्षभरात आपोआप थांबते. तोवर डायपर लावा आणि हे बाळंतिणींचे व्यायाम पुरुषांच्या गळ्यात मारू नका.” ज्येष्ठ नागरिक संघात आलेल्या एका निवृत्त शल्यविशारदांचा हा उपदेश. टाळ्या पडल्या. ‘काही करू नका’ म्हटलं की आम्हा पुरुषांच्या टाळ्या पडतातच.

बाळंतिणींचं आधी उरकतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे हे व्यायाम बायकांसाठी मांडले, कबूल. पण ओटीपोटाचा तळ पुरुषालाही असतो.

माझं खरं भांडण त्या ‘आपोआप’शी आहे. कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी काढतात, तेव्हा मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप काम करणारी झडपच बहुतेक निकामी होते. उरते ती खालची, स्वतः आवळायची; व्यायाम तिच्यासाठीच. म्हणजे जे आपोआप चालत होतं तेच काढून घ्यायचं आणि रोग्याला सांगायचं, आपोआप होईल! शिवाय वर्ष म्हणजे काय, हे ते काढणाऱ्याला विचारा. खुर्चीतून उठताना गळतं, नातवाला उचलताना गळतं, शिंकेची तर धास्तीच. लग्नाला जायचं तर काळी पँट आणि संडासाजवळची खुर्ची. त्यात माणूस पाणी पिणं कमी करतो; लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चिडतं. बेल्जियममध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायाम शिकवलेल्यांपैकी ८८ टक्के पुरुष तीन महिन्यांत कोरडे झाले, न शिकवलेल्यांपैकी ५६ टक्के. ‘तरी ५६ झालेच की!’ असं म्हणणाऱ्याने उरलेल्यांचे डायपर विकत आणून द्यावेत.

२०११ साली ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगात वर्षअखेर फरक दिसला नाही, हे वक्त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. तिथे ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्यातलेही बरेच जण व्यायाम करत होते, हे मात्र गिळलं. त्याच साली अमेरिकेतला प्रयोग आला. शस्त्रक्रियेला वर्ष उलटूनही गळत असलेले पुरुष, आठ आठवड्यांचं शिक्षण, आणि गळण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी. ‘आपोआप’ची मुदत संपलेल्यांचीच ही गोष्ट.

गुडघा बदलल्यानंतरच्या फिजिओथेरपीलाही अशीच मंडळी एकेकाळी ‘मालीश’ म्हणायची. आता तीच पहिल्या दिवशी रोग्याला उभं करा म्हणतात. असो.

“छापील कागद दिला होता, उपयोग झाला नाही,” हाही एक आक्षेप. कागद वाचून बहुतेक जण कुल्ले आवळतात, श्वास कोंडतात, पोटाने खाली जोर देतात; म्हणजे मूत्राशयावरच दाब. शिकलेला फिजिओथेरपिस्ट ‘लिंग आत ओढून घ्या’ म्हणतो, हाताने किंवा सोनोग्राफीवर नेमकं काय आवळलं जातंय ते बघतो, चूक तिथेच पकडतो.

माझं म्हणणं एवढंच: हे शस्त्रक्रियेच्या आधी शिकवा. कॅथेटर आहे तोवर थांबा, निघाला की सुरू करा. आधी पडून, मग बसून, मग उभ्याने. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा. एवढं करूनही गळती उरली तर कृत्रिम झडपेची शस्त्रक्रिया आहेच, तिला कोणी नको म्हटलेलं नाही. घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या खाली फिजिओथेरपिस्टच्या भेटीची तारीख लिहायला चार बोटं जागा असते.