पडद्यावरचं सत्य

माझा एका अंधश्रद्धेवर राग आहे. मांजर आडवं जाण्यावर नव्हे. ते बिचारं निदान वेळेवर तरी जातं! माझा राग आहे तो 'कॉम्प्युटरवर दिसतंय ना, मग तेच खरं' या श्रद्धेवर.

आमच्या शाखेत परत जाणाऱ्या चेकांची यादी एका सामाईक फोल्डरात असते. फाईल सर्व्हरवर, आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलावरून त्यात डोकावणारे. या व्यवस्थेला एन.एफ.एस. म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्सने ती 1984 साली तयार केली. परवा एक पेन्शनर आजोबा धापा टाकत आले आणि कमी पडणारे पैसे भरून गेले. मी यादीत 'परत'चं 'पास' केलं आणि साहेबांना ओरडून सांगितलं. साहेबांच्या पडद्यावर ती यादी सकाळपासून उघडीच. ते म्हणाले, "इथं अजून 'परत'च आहे. काम न करताच केलं म्हणून सांगता?"

वीस वर्षांच्या नोकरीवर एका शिळ्या ओळीने पाणी!

साहेबांनी फाईल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत मी माझी बंद केली होती. 'पास' दिसलं. आजोबांचा चेक वाचला.

मग कॉम्प्युटरवाल्याने उलगडा केला. फाईल कधी बदलली, हे साहेबांचं लिनक्स मशीन दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. एकदा विचारतं आणि सहसा 3 ते 60 सेकंद त्याच उत्तरावर काढतं. फाईल जितका वेळ न बदलता राहील, तितका त्याचा भरवसा वाढतो. पोरांच्या बाबतीत आपणही असेच फसतो. शिवाय मी लिहिलेलं सर्व्हरकडे पोचल्याची खात्री फाईल बंद केल्यावरच. मी ती उघडी ठेवूनच ओरडलो होतो. म्हणजे अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी मी सोडणार नाही.

साहेबांनी फर्मावलं, "ही लक्षात ठेवण्याची सवयच बंद करा!" तशी सोय आहे, तिचं नाव 'नोएसी'. ते ऐकून साहेबांनी आधी केबिनमधल्या गारव्याकडे काळजीने पाहिलं. पण माझा तिला विरोध आहे. मग प्रत्येक मशीन उठल्याबसल्या सर्व्हरला विचारत सुटतं आणि सगळं काम रखडतं. पेन्शनच्या दिवशी खिडकीवर चाळीस जणांनी सारखं 'माझा नंबर आला का?' विचारल्यावर काय होतं, ते मला विचारा.

उपाय फुकटचा आहे. लिहिणाऱ्याने फाईल बंद करावी, मग सांगावं. वाचणाऱ्याने ती नव्याने उघडावी, मग बोलावं. उघडताना मशीन सर्व्हरला विचारतंच. पासबुकातली शिल्लक छापली त्या दिवशीची असते, हे आम्ही गिऱ्हाइकांना रोज समजावतो. साहेबांना कोण समजावणार?

'काम न करताच' हे शब्द मात्र साहेबांनी परत घेतल्याचं अजून कुठे दिसलेलं नाही. साठ सेकंद तर केव्हाच होऊन गेले.