मनीला पाणी पाजा!

मैत्रिणींनो, मनीपुढे दुधाची बशी सरकवली की आपण निर्धास्त होतो. पण दूध म्हणजे पाणी नव्हे हं! पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. मांजराला मुळातच तहान कमी. ४ किलोच्या मांजराला खाण्यातले धरून दिवसाला साधारण २०० मि.लि. पाणी हवे. विकतच्या कोरड्या दाण्यांतून ते जवळजवळ मिळतच नाही. म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या. पाण्याचे भांडे पसरट असावे, खाण्यापासून दूर ठेवावे; पाणी दोन वेळा बदलावे. आणि बोका लघवीसाठी कुंथतोय, पण थेंबही येत नाही असे दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. उशीर जिवावर बेततो.